गळवातल्या जिवाणूचा वैरी: एका विषाणूच्या आकाराची गोष्ट

“डॉक्टर, विषाणू सोडून जिवाणू मारतात म्हणे. ते औषध आपल्याकडे कधी मिळणार?” हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा गळवं होत असतात, मधुमेहामुळे पायाची जखम भरत नसते, किंवा मुलीच्या चेहऱ्यावरचे मुरूम हटत नसतात. सोबत मोबाईलवर एक चित्रही दाखवलं जातं. वर पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं डोकं, खाली दांडा आणि कोळ्यासारखे सहा पाय. जणू चंद्रावर उतरणारं यानच.

ते चित्र खोटं नाही. पण ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूवर जगणाऱ्या ‘टी-४’ नावाच्या विषाणूचं आहे. त्वचेवरच्या जिवाणूंचे विषाणू त्याचे चुलतभाऊ शोभतील असे आहेत, तरी वेगळे आहेत, आणि त्यांची गोष्ट टी-४ पेक्षा जुनी आहे. जिवाणूला विरघळवणाऱ्या विषाणूचं पहिलं नीट वर्णन झालं ते त्वचेवर राहणाऱ्या जातीच्या जिवाणूमध्ये. अशा विषाणूने माणसावर उपचार केल्याचं पहिल्यांदा छापून आलं, तेही गळवांबद्दलच. मात्र ज्याने उपचार करत होतो ती वस्तू दिसते कशी, हे पंचवीस वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या न दिसण्याची किंमत रुग्णांनी मोजली, असं माझं मत आहे. ते कसं, ते सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. ती एक पूर्ण, स्वतंत्र पेशी असते. खाते, वाढते, एकाची दोन होते. विषाणू म्हणजे व्हायरस. प्रथिनांच्या डबीत ठेवलेली जनुकं, एवढाच त्याचा संसार. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची पिल्लावळ वाढत नाही. माणसाच्या पेशीत शिरणारे विषाणू आपल्याला सर्दी, कांजिण्या, कोविड देतात. जे फक्त जिवाणूत शिरतात त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. फाजला माणसाच्या पेशीचं दार उघडता येत नाही.

आपल्या कातडीवर जिवाणूंची वस्ती कायमची आहे. त्यातले दोन आज महत्त्वाचे. एक स्टॅफिलोकोकस. द्राक्षाच्या घडासारखे गोल जिवाणू. त्यातली ‘ऑरियस’ ही जात अनेक निरोगी माणसांच्या नाकात मुकाट राहते आणि संधी मिळाली की केसतूड, गळू, जखमेत पू अशी कामं करते. दुसरा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, केसांच्या मुळाशी तेलकट, हवा न पोचणाऱ्या जागी राहणारा. मुरमांशी याचं नाव जोडलेलं आहे.

काचेसारखे झालेले ठिपके

१९१५ सालचं लंडन. फ्रेडरिक ट्वॉर्ट हा डॉक्टर ब्राउन इन्स्टिट्यूशन या प्राण्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. त्याला जिवंत पेशीशिवाय, नुसत्या पोषक थरावर विषाणू वाढवून दाखवायचा होता. त्यासाठी त्याने देवीच्या लशीचा द्रव घेतला. ही लस तेव्हा वासराच्या कातडीवर वाढवत. (आपल्याकडेही तीच पद्धत होती. बेळगावच्या व्हॅक्सीन डेपोचं नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे व्रण आहेत, त्यांनी ते एकदा निरखून पाहावेत.)

कातडीवरून खरवडलेल्या द्रवात कातडीवरचे जिवाणू येणारच. ट्वॉर्टच्या बशीत देवीचा विषाणू काही वाढला नाही. वाढल्या त्या गोल जिवाणूंच्या वसाहती, ज्यांना आज आपण स्टॅफिलोकोकसच्या घरात बसवतो. दुसरा कुणी असता तर बशी टाकून दिली असती. ट्वॉर्टला दिसलं की काही वसाहती पांढऱ्या राहण्याऐवजी पाणचट, काचेसारख्या पारदर्शक होत आहेत. त्याने त्या काचेचा किंचित अंश निरोगी वसाहतीला लावला. जिथे स्पर्श झाला तिथून ती विरघळू लागली. त्याने तो द्रव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला. तरी गुण कायम! पुढच्या वसाहतीत, त्याच्या पुढच्या वसाहतीत, कितीही वेळा नेला तरी कायम. ६० अंश सेल्सिअसला तासभर तापवला की मात्र गुण गेला.

हे काय असावं? ट्वॉर्टने ‘लॅन्सेट’मध्ये प्रामाणिकपणे सगळ्या शक्यता मांडल्या. अतिसूक्ष्म विषाणू असेल, जिवाणूच्याच जीवनक्रमातला एक टप्पा असेल, किंवा जिवाणूने स्वतःच तयार केलेलं एखादं एन्झाइम असेल. पैशांअभावी काम तडीस नेता आलं नाही, हेही त्याने लिहिलं. मग महायुद्धाच्या धामधुमीत तो लेख फार कुणी वाचला नाही.

दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल याला रक्ती आवेच्या जिवाणूंमध्ये हाच प्रकार स्वतंत्रपणे दिसला. देरेल ट्वॉर्टच्या उलट स्वभावाचा. शंका हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. हा जिवाणू खाणारा विषाणूच आहे, असं त्याने जाहीर केलं आणि ‘बॅक्टेरियोफाज’ हे नावही दिलं.

इथे गंगाजलाचा विषय निघणार, हे मला माहीत आहे. १८९६ मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळल्यावर हा गुण जातो, असं लिहिलं होतं. ते फाजमुळे असू शकेल, पण त्याने ते सिद्ध केलेलं नाही. जखमेवर नदीचं पाणी घालू नका. त्यात फाजपेक्षा इतर गोष्टी कितीतरी जास्त असतात.

पाहिलं नाही, तरी बाटलीत भरलं

१९२१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ इथल्या ब्रुइनोग आणि मेझाँ या दोघांनी स्टॅफिलोकोकसची गळवं झालेल्या रुग्णांना गळवाच्या आत आणि आजूबाजूला फाजची इंजेक्शनं दिली. एक-दोन दिवसांत सूज आणि वेदना उतरल्या, असं त्यांनी छापलं. पेनिसिलिन यायला अजून वीस वर्षं होती. त्या काळी ओठावरचं किंवा नाकाजवळचं गळू चिघळलं तर जंतू रक्तात जाऊन माणूस दगावत असे. अशा वेळी ही बातमी काय वाटली असेल, याची कल्पना करा.

लगेच बाजार उभा राहिला. पॅरिसमध्ये देरेलच्या प्रयोगशाळेचा ‘बाक्ते-स्टाफी-फाज’ निघाला. तो विकणारी कंपनी म्हणजे पुढची लॉरिआल, जिचे शांपू आज आपल्या बाथरूममध्ये असतात. अमेरिकेत एली लिली कंपनीने स्टॅफिलोकोकसच्या फाजची जेली विकली. सोव्हिएत जॉर्जियात तिबिलिसीला तर या कामाची आख्खी संस्था चालू झाली. ती आजही चालू आहे.

पण वस्तू नेमकी काय आहे, यावर मोठ्या माणसांचं एकमत नव्हतं. ब्रसेल्सचा ज्यूल बोर्दे, १९१९ चा नोबेल मानकरी, ठामपणे म्हणत होता की हे एन्झाइम आहे, विषाणू वगैरे काही नाही. तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांचं भांडण, रुग्णाला काय त्याचं? रुग्णाला पुष्कळ. एन्झाइम समजलात तर तुम्ही बाटली एका पद्धतीने भराल आणि सजीवासारखी, नाजूक बांधणीची वस्तू समजलात तर दुसऱ्या पद्धतीने. त्या काळातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये माल टिकावा म्हणून फिनॉलसारखी जंतुनाशकं घातलेली असत, किंवा निर्जंतुक करायला बाटली तापवलेली असे. ट्वॉर्टचे ६० अंश आठवा. आतले फाज केव्हाच निकामी झालेले. शिवाय प्रत्येक फाज ठरावीक जिवाणूलाच, बहुधा त्याच्या काही वाणांनाच मारतो. रुग्णाच्या गळवातला जिवाणू बाटलीतल्या फाजला बधतो का, हे न पाहताच औषध दिलं जाई. काहींना गुण येई, अनेकांना येत नसे, आणि कुणाला का आला नाही हे सांगता येत नसे.

१९३४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी ईटन आणि बेन-जोन्स यांनी शंभराहून अधिक लेख तपासून अहवाल दिला. फाज सजीव नाही, एन्झाइमसारखं काहीतरी असावं, असा त्यांचा कल होता. उपचार म्हणून पटण्याजोगा पुरावा त्यांना फक्त स्टॅफिलोकोकसच्या त्या-त्या जागेपुरत्या संसर्गात, आणि कदाचित मूत्राशयाच्या दाहात आढळला. म्हणजे गळवांचा दावा तेव्हाही सगळ्यात भक्कम होता! पण अहवालाचा एकूण सूर थंड होता आणि लोकांनी सूर तेवढा लक्षात ठेवला. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं. तेही १९२८ मध्ये लंडनमध्येच, स्टॅफिलोकोकसच्याच बशीवर बुरशी पडल्यामुळे सापडलेलं. पाश्चात्त्य डॉक्टरांनी फाजची बाटली कपाटात मागे सारली.

शेपूट दिसलं

साध्या सूक्ष्मदर्शकातून साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फाज त्या मर्यादेत मावेना. १९३० च्या दशकात बर्लिनमध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनने पाहणारा सूक्ष्मदर्शक तयार झाला. तो बनवणाऱ्या अर्न्स्ट रुस्का याचा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. इंजिनीअर भावाच्या यंत्राखाली डॉक्टर भावाने जंतू ठेवून पाहिले, आणि १९४० मध्ये फाजची पहिली चित्रं छापून आली. १९४२ मध्ये अमेरिकेत सॅल्व्हाडोर लुरिया आणि थॉमस अँडरसन यांनी आणखी स्पष्ट चित्रं दिली. गोल डोकं, लांब शेपूट. प्रत्येक जातीचा आकार ठरलेला, आणि तो पुन्हा पुन्हा तसाच. वाद संपला. नुसत्या एन्झाइमला डोकं-शेपूट नसतं. ट्वॉर्ट १९५० पर्यंत आणि देरेल १९४९ पर्यंत जगले, म्हणजे दोघांच्याही हयातीत त्या अदृश्य वस्तूचा चेहरा समोर आला. नोबेल दोघांनाही मिळालं नाही.

शेपूट कशाला, हे १९५२ मध्ये हर्षी आणि चेस यांच्या प्रयोगाने उलगडलं. फाज आख्खा जिवाणूत शिरत नाही. तो बाहेर चिकटतो, डीएनए तेवढा आत सोडतो आणि प्रथिनांची टरफलं बाहेरच राहतात. म्हणजे शेपूट ही सुई आणि डोकं ही सिरिंज.

आता स्टॅफिलोकोकसच्या फाजकडे जवळून पाहू. ट्वॉर्टच्या नावाने आज या फाजचं एक कूळ ओळखलं जातं. त्या कुळातल्या ‘८१२’ नावाच्या फाजची बांधणी २०१६ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो इथल्या शास्त्रज्ञांनी क्षणार्धात गोठवलेल्या नमुन्यांवरून उलगडली. डोकं ९० नॅनोमीटर, शेपूट २४० नॅनोमीटर. हे आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून असं करू. स्टॅफिलोकोकस एक मीटर रुंदीच्या पाण्याच्या टाकीएवढा मोठा केला, तर फाजचं डोकं मोसंबीएवढं होईल आणि शेपूट वीतभर. त्या मोसंबीत जो डीएनए भरलाय तो दोन मिलिमीटर जाडीच्या सुतळीसारखा होईल, आणि त्याची लांबी जवळजवळ ४८ मीटर! सहा नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरा, तेवढी. एवढी सुतळी एका मोसंबीत दाबून बसवलेली असल्याने आत प्रचंड ताण असतो.

शेपटीला दोन थर असतात. आत कडक नळी, बाहेर आकसणारं आवरण. टोकाला एक बैठक असते, आणि तिच्यातले हातासारखे भाग सुरुवातीला वर, डोक्याकडे वळलेले असतात. जिवाणूच्या भिंतीवरचे ओळखीचे रेणू सापडले की हे हात तब्बल २१० अंशांत फिरून खाली येतात आणि भिंत पकडतात. त्यांच्या फिरण्याने आवरणाला अडवून धरणारी खिटी सुटते. आवरण आकसून जवळजवळ निम्मं होतं आणि आतली नळी भिंतीत घुसते. स्टॅफिलोकोकसची भिंत जाड, आपल्या टाकीच्या हिशेबात दोन-चार सेंटिमीटर. मला सगळ्यात आवडलेला तपशील पुढचा आहे. एवढं होऊनही डीएनए लगेच सुटत नाही. मानेपाशी तो अडकवून ठेवलेला असतो. नळीचं टोक खरोखरच जिवाणूला भिडलं आहे याची खूण पटली, तरच शेवटचं दार उघडतं. बंदुकीला दोन चाप असावेत तसं. भलत्याच जागी सगळी सुतळी सांडून गेली तर तो फाज संपलाच.

सगळ्या फाजकडे एवढं अवजड यंत्र नसतं. स्टॅफिलोकोकसच्याच काही फाजचं शेपूट लांब पण न आकसणारं, काहींचं अगदी आखूड. मुरमांच्या जिवाणूचे फाज त्या मधल्या, साध्या प्रकारचे: सुमारे ५० नॅनोमीटरचं डोकं, १५० नॅनोमीटरचं लवचिक शेपूट, आणि डीएनए पहिल्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. १९६० च्या दशकापासून ते माहीत आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत अशा अकरा फाजचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा ते एकमेकांशी विलक्षण मिळतेजुळते निघाले, आणि मुरमांच्या जिवाणूचे बहुतेक वाण त्यांना बळी पडत होते. औषधाच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण हा जिवाणू सगळ्यांच्याच कातडीवर असतो, मुरूम नसलेल्यांच्याही. तो सरसकट नाहीसा केल्याने चेहरा स्वच्छ होईल, असं समजायला आधार नाही.

मित्र कोणता, चोर कोणता

फाज म्हणजे आपला मित्र, असं व्हिडिओत सांगतात. सगळे तसे नसतात. काही फाज जिवाणूला लगेच मारत नाहीत. आपला डीएनए त्याच्या डीएनएत टाचून गप्प राहतात. आणि कधीकधी त्यांच्या सामानात विषाची कृती असते. मोठी, दुखरी, पुन्हा पुन्हा येणारी गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या काही वाणांमध्ये ‘पीव्हीएल’ नावाचं, पांढऱ्या पेशींना भोकं पाडणारं विष सापडतं. त्याची जनुकं जिवाणूला फाजनेच आणून दिलेली असतात. लहान बाळांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते त्या आजारातल्या एका विषाचंही तसंच.

याहून वरताण प्रकार म्हणजे चोरावर मोर. टॉक्सिक शॉकचं विष बनवणारा डीएनएचा एक तुकडा स्टॅफिलोकोकसमध्ये दबा धरून असतो. त्याला स्वतःची डबी बनवता येत नाही. ‘८० अल्फा’ नावाचा फाज जिवाणूत आपली डोकी बनवू लागला की हा तुकडा कामगारांना फितवतो आणि डोकी नेहमीपेक्षा लहान करून घेतो. फाजचा स्वतःचा डीएनए ४३ हजार अक्षरांचा, तो त्यात मावत नाही. तुकडा १५ हजारांचा, तो बरोबर बसतो आणि फाजच्याच शेपटीने दुसऱ्या जिवाणूत पोचतो.

म्हणून उपचारासाठी फाज निवडताना त्याचा जनुकसंच आधी वाचावा लागतो. १९२१ मध्ये हे शक्यच नव्हतं. आज आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात भरत नसलेल्या जुनाट जखमांवर, ज्यांत स्टॅफिलोकोकसच्याही होत्या, फाज लावून पाहिल्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस रुग्ण होते. निकाल आशा वाटावी असे होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून उपचार ठरवता येत नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळेल असं फाजचं मलम मी तुम्हाला आज लिहून देऊ शकत नाही. ऑनलाइन कुणी बाटली विकत असेल तर त्यात कोणता फाज आहे, तो जिवंत आहे का, आणि तुमच्या जिवाणूला मारतो का, हे तीन प्रश्न त्याला विचारा. १९३० च्या दशकातल्या बाटल्या याच तीन प्रश्नांवर नापास झाल्या होत्या.

तोवर गळू पिळू नका, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं. पिकलं असेल तर डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करून घ्या. मोठी गळवं बरी होण्यात निचऱ्याचा वाटा बहुधा गोळीपेक्षा मोठा असतो. पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखर तपासा आणि घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे करा. चेहऱ्यावर स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मनाने लावू नका. आणि पू तपासायला द्यायचा असेल तर तो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. पुढे कधी फाज द्यायची वेळ आली, तरी तुमच्या गळवातला जिवाणू हाताशी असल्याशिवाय त्याचा फाज निवडता येणार नाही.